राक्षसभुवनचा काठ

बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, गोदावरीच्या दक्षिण तीरी, राक्षसभुवन नावाचे गाव आहे. नाव ऐकून दचकावे असे असले तरी गाव क्षेत्राचे आहे. ज्यांच्या राशीस साडेसाती लागली असेल अशा मंडळींस ते तेथील शनीमुळे ठाऊक असते, आणि ज्यांनी शाळेतील इतिहासाचे पुस्तक केवळ परीक्षेपुरते चाळले नाही त्यांस १७६३ सालच्या लढाईमुळे. गेल्या श्रावणात आम्ही तेथे गेलो ते मात्र या दोहोंपैकी कोणत्याही कारणास्तव नव्हे. आम्हांस तेथे नेले एका कादंबरीने.

ती कादंबरी म्हणजे रणजित देसाई यांची 'स्वामी'. ती १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या कपाटात दासबोध आणि मागील सालांची पंचांगे असतात, त्याच कपाटात पाने सुटलेली 'स्वामी'ची एक प्रत असावयाचीच, अशी घरे आम्ही किती तरी पाहिली आहेत. थोरले माधवराव पेशवे हे तोपर्यंत आम्हां मराठी वाचकांस राज्यकर्ते म्हणून माहीत होते. देसायांनी त्यांस कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी पुतण्या आणि कोणाचा तरी नवरा केले. सोळाव्या वर्षी पितृछत्र हरपलेला हा मुलगा सत्ताविसाव्या वर्षी थेऊरास देह ठेवतो, एवढीच वस्तुतः गोष्ट. पण ती वाचताना घरातील बायका रमाबाईंसाठी रडल्या, आणि पुरुषांनी चष्मा पुसून काचेवर धूळ बसल्याचे सांगितले.

आमच्या घरी ती प्रत पुन्हा बाहेर निघाली ती आमच्या पुतण्यामुळे. आमचे वडील बंधू दोन वर्षांपूर्वी निवर्तले. त्यांचा हा एकुलता एक मुलगा आता सोळा वर्षांचा आहे. मुलगा शहाणा, परंतु वडील गेल्यापासून बोलणे कमी झालेले. शाळेच्या कागदांवर 'पालक' या शब्दापुढे आमची सही होऊ लागली, तेव्हा तो कागद नीट घडी घालून दप्तरात ठेवी आणि काही बोलत नसे. दिवाळीच्या सुटीत त्याने तीन रात्रींत 'स्वामी' वाचून संपविली. आम्हांस वाटले, आता रमाबाईंविषयी किंवा थेऊरच्या गणपतीविषयी काही विचारील. त्याने भिंतीवरचा नकाशा उतरविला व म्हणाला, "काका, यात राक्षसभुवन कोठे आहे?"

त्या नकाशात ते नव्हते.

पुण्याहून निघाले म्हणजे नगर (ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात) येथवरचा रस्ता सर्वांच्या परिचयाचा. तेथून पाथर्डीवरून गढीकडे जो रस्ता जातो, तो धरला की दोनतीन तासांत भूमीचे रूप पालटत जाते. डोंगर मागे पडतात, माळ सरतो, आणि गेवराईच्या अंगास काळी, खोल, कपाशीची जमीन सुरू होते. श्रावणात या जमिनीचे रूप पाहावे. सर कोसळून गेलेली, कपाशी गुडघ्याएवढी, बांधावर बाभळी, आणि पावलागणिक चिखल इतका चिवट की वहाण त्यातच राहते.

परंतु हे हिरवेपण पाहून भुलावयाचे नाही. याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळी आटोपली की लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. गावात मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेची मुले. गढीच्या नाक्यावर चहा घेत असता आमच्या पुतण्याच्याच वयाचा एक मुलगा कपबशा विसळीत होता. आईबाप कारखान्यावर गेले म्हणजे धाकट्या दोन बहिणींचे व आजीचे तोच पाहतो, असे त्याने चौकशी केल्यावर सांगितले. सांगताना त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. वय येण्याआधी कर्ते होणे ही राजवाड्यातलीच गोष्ट आहे असे नाही.

गेवराई सोडून आम्ही गोदेकडे वळलो. नदी दिसण्याआधी ती जवळ आल्याचे कळते. वारा निराळा लागतो. राक्षसभुवनच्या काठावर उभे राहिल्यावर प्रथम मनात भरते ते पात्राचे रुंदपण. पलीकडचा तीर जालना जिल्ह्याचा. वरच्या अंगास पैठण, आणि पैठणला १९७६ साली पुरे झालेले जायकवाडीचे धरण. तेव्हापासून येथील नदी पावसाच्या मर्जीने वाहत नाही, धरणाच्या दरवाजांच्या मर्जीने वाहते. दरवाजे उघडले म्हणजे पाणी काठ सोडून देवळांत शिरते. बंद असले म्हणजे भर श्रावणात खडक व वाळू दिसते. आम्ही गेलो तेव्हा पाणी मध्यम होते, गढूळ व घाईचे.

शनीचे देऊळ काठावरच आहे. शनिवारी आणि विशेषतः शनी अमावास्येस तेथे पाऊल ठेवावयास जागा नसते, म्हणून आम्ही मुद्दाम आडवार धरला होता. तेल, रुईची पाने, उडीद यांचा वास देवळाभोवती दरवळत असतो. गणपतीच्या एकवीस स्थानांत येथील विज्ञान गणेशाची गणना होते. दत्ताचेही हे जुने स्थान. सर्वज्ञ दासोपंतांनी येथे तप केले व दत्तपादुका त्यांस येथेच लाभल्या अशी परंपरा सांगते. हे दासोपंत पुढे याच जिल्ह्यात आंबेजोगाईस राहिले आणि सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर त्यांनी पंचीकरण लिहिले. ती पासोडी प्रसिद्धच आहे. त्यांच्या बालपणाची कथा मात्र थोड्यांस ठाऊक असते. वसुलाचा भरणा झाला नाही म्हणून बीदरच्या पातशहाने देशपांडे असलेल्या वडिलांकडून हा मुलगा ओलीस ठेवून घेतला होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. बापाच्या देण्यापायी मुलाने तारण राहावे, आणि पुढे त्याने शांततेसाठी या काठावर यावे, हा योगायोग आमच्या पुतण्याने लक्षपूर्वक ऐकून घेतला. पण त्याचे डोळे नदीच्या खालच्या अंगास लागले होते. "लढाई कोणत्या बाजूस झाली?" देवळापाशी बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांस आम्ही तोच प्रश्न केला. त्यांनी हात लांब करून काठाचा मैलभर प्रदेश एकदम दाखविला आणि म्हणाले, "या सगळ्या अंगाला."

आता लढाईविषयी. ती समजावयाची तर अडीच वर्षे मागे गेले पाहिजे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्यात माधवरावांचे थोरले बंधू विश्वासराव व चुलते सदाशिवरावभाऊ पडले. ते दुःख नानासाहेबांच्याने सोसवेना. २३ जून रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. सहा महिन्यांच्या आत भाऊ गेला, चुलता गेला, बाप गेला. माधवरावांचा जन्म १४ फेब्रुवारी १७४५ चा. म्हणजे पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा ते साडेसोळा वर्षांचेही नव्हते. घरात वडीलधारे पुरुष म्हणून उरले होते ते एकटे रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा.

आणि याच दादांशी वर्ष उलटले नाही तोच वितुष्ट आले. कारभार कोणी करावयाचा, हा वादाचा विषय. वितुष्ट इतके वाढले की दादा पुणे सोडून बाहेर पडले, फौज जमविली, निजामाचे साह्य मागितले, आणि नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदी व आळेगाव येथे काका-पुतण्यांच्या फौजा समोरासमोर आल्या. आळेगावी माधवरावांची बाजू उणी पडली. तेव्हा त्यांनी जे केले ते भल्या मुत्सद्द्यांनाही चटकन सुचले नसते. घरातल्या भांडणात निजामाचा लाभ होणार हे ओळखून ते आपण होऊन काकांच्या छावणीत गेले आणि स्वाधीन झाले. कारभार दादांकडे गेला. पेशव्यांवर पहारा बसला. 'स्वामी' वाचणाऱ्यास हा अपमान जितका झोंबतो, तितका कागदपत्रे वाचणाऱ्यासही झोंबतो.

दादांच्या कारभाराने मातबर सरदार दुखावले. मिरज घेतल्यामुळे गोपाळराव पटवर्धन निजामास मिळाले. नागपूरचे जानोजी भोसले तर आधीच त्या बाजूस झुकले होते. निजामअलीचा दिवाण विठ्ठल सुंदर हा या सगळ्या मसलतीचा सूत्रधार. हा गृहस्थ मराठी ब्राह्मणच. १७६३ च्या उन्हाळ्यात मराठ्यांनी समोरासमोर गाठ न घेता निजामाचा मुलूख लुटला, आणि निजामाने उलट मे महिन्यात पुणे लुटले व जाळले. पर्वतीच्या देवांसही त्याने सोडले नाही. पेशव्यांचे कुटुंब त्या वेळी गडाच्या आश्रयास होते. बाप जाऊन दोन वर्षे झाली नाहीत, तोच त्या मुलाचे घर असलेले शहर जळाले.

पावसाळा आला तसा निजाम औरंगाबादेच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, रोखाने निघाला. वाटेत गोदावरी. नदीस पूर. निजाम स्वतः काही फौजेनिशी उत्तरतीरी उतरून गेला. विठ्ठल सुंदर उरलेले सैन्य, तोफा व सामान घेऊन दक्षिणतीरी, येथे राक्षसभुवनास, राहिला. मुलखाचे आमिष दाखवून जानोजींस मराठ्यांनी आधीच फोडले होते. १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे त्या अडकलेल्या फौजेवर येऊन पडले.

पहिली चाल दादांची. दादा शूर होते, ही गोष्ट त्यांच्या वैऱ्यांनीही नाकारलेली नाही. अटकेपर्यंत घोडे नेणारा हा पुरुष. पण त्या दिवशी मोगलांनी त्यांचा मारा परतविला आणि गर्दीत दादा वेढले गेले. हत्तीवर बसलेला सेनापती, भोवती शत्रू, आपली फौज मागे हटलेली. आणखी काही वेळ तसाच गेला असता तर दादा पडते किंवा कैद होते. त्या क्षणी राखीव फौज घेऊन पाठीशी होते साडेअठरा वर्षांचे माधवराव. ते पुढे झाले, मोगलांचा वेढा फोडला, काकांस सोडविले, आणि लढाई फिरली. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या तीरावरून निजामास हे सर्व पाहत राहण्यावाचून गत्यंतर नव्हते. पूर त्यास इकडे येऊ देत नव्हता. पुढे २५ सप्टेंबर रोजी औरंगाबादेस तह झाला आणि ८२ लक्षांचा मुलूख निजामाने सोडला.

इतिहासाची पुस्तके येथे तहाच्या कलमांकडे वळतात. आम्हांस मात्र काठावर उभे असता दुसरीच गोष्ट सुचत होती. 'काका, मला वाचवा' ही नारायणरावांची हाक महाराष्ट्रास तोंडपाठ आहे. शनिवारवाड्यात जाणारा लहान मुलगासुद्धा ती कोठे ऐकू येते म्हणून विचारतो. पण पुतण्याने काकास वाचविले ती जागा कोणती, असे विचारले तर शंभरांत किती जण राक्षसभुवनचे नाव घेतील? हाक लक्षात राहिली, धाव विसरली गेली.

आमच्या पुतण्याने विचारले, "काका, ते धावून गेले नसते तर?"

आम्ही म्हटले, "तर कारभार विनासायास त्यांच्या हाती आला असता. नऊ महिन्यांपूर्वी ज्यांनी पहारा बसविला, ते दादा परस्पर दूर झाले असते, आणि दोष निजामाच्या माथी गेला असता. पण फौजेचा धीर सुटून लढाईही गेली असती, हे विसरू नकोस. पेशवा म्हणून त्यांना जावेच लागले असते."

तो काही वेळ बोलला नाही. पात्रात एक ओंडका वाहत चालला होता, तिकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मला नाही वाटत त्यांनी एवढा विचार केला असेल. घरात दुसरे मोठे कोणी उरलेच नव्हते ना. बाबा गेले, भाऊ गेला, भाऊसाहेब गेले. आता हेही जाणार, एवढेच त्यांना दिसले असेल."

आम्ही पुष्कळ बखरी व पुष्कळ चर्चा वाचल्या आहेत. राक्षसभुवनच्या विजयाची कारणमीमांसा करणारे एकही वाक्य आम्हांस त्या वेळी आठवेना. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला; तो त्याने झटकला नाही.

'स्वामी'विषयी पंडितांचे आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत. भाषा फार गोड आहे, सूर्यास्त फार आहेत, राजकारणाहून वाड्यातले प्रसंग अधिक रंगविले आहेत, असे म्हणतात. यांत तथ्य नाही असे नाही. आम्हांस स्वतःसही काही संवाद नाटकी वाटतात. तथापि एक गोष्ट देसायांनी ओळखली होती, जी पुष्कळ इतिहासकारांच्या हातून निसटते: या मुलाच्या कर्तबगारीच्या मुळाशी शोक आहे. ज्याचे घर सहा महिन्यांत रिते झाले, तो उरलेल्या माणसांस धरून ठेवू पाहतो. काका दुरावतो, आई दुरावते, तरी धरून ठेवू पाहतो. या दृष्टीने पाहिले म्हणजे आळेगावची शरणागती आणि राक्षसभुवनची धाव ही एकाच स्वभावाची दोन रूपे दिसतात.

आई दुरावते असे म्हटले, त्याविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. गोपिकाबाईंस कादंबरी वाचणारे फारसे क्षमा करीत नाहीत. पण ज्या बाईने एका वर्षात सतरा-अठरा वर्षांचा मुलगा व नवरा गमावला, तिच्या करारीपणास शोकाचे कोंदण होते, हे आपण सोयिस्करपणे विसरतो. पुढे मुलाशी न पटल्याने त्या पुणे सोडून नाशिकजवळ गंगापुरास जाऊन राहिल्या. ते गंगापूरही गोदावरीच्याच काठी. ज्या पाण्यात आई तिकडे स्नान करी, तेच पाणी पुढे वाहत मुलाने काकांस सोडविलेल्या या काठाशी येई. माधवराव, नारायणराव, दोघेही मुलगे तिच्या डोळ्यांदेखत गेले. ती १७८८ पर्यंत जगली. तिच्यावर एखादी स्वतंत्र कादंबरी का लिहिली जाऊ नये, असा प्रश्न आमच्या मंडळींनी घरी परतल्यावर केला. त्याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

राक्षसभुवननंतर दादांनी कारभार पुतण्याच्या हाती सोडला. हा सलोखा टिकला असता तर मराठ्यांचा इतिहास निराळा झाला असता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो टिकला नाही. १० जून १७६८ रोजी धोडपच्या लढाईत माधवरावांस त्याच काकांस कैद करावे लागले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवावे लागले. तरीही १७७२ साली थेऊरास क्षयाने अंथरुणास खिळल्यावर धाकट्या नारायणरावाचा हात त्यांनी दिला तो दादांच्याच हाती. १८ नोव्हेंबर रोजी त्यांचा देहान्त झाला, रमाबाई सती गेल्या. वर्षही लोटले नाही तोच ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावाचा खून झाला, आणि रामशास्त्र्यांनी दोष दादांवर ठेवला. हे सर्व पुतण्यास ठाऊक होते, त्यामुळे सांगावे लागले नाही. सती जाण्याच्या प्रकरणावर मात्र तो वाटेत आमच्याशी तावातावाने बोलला: ते पान वाचताना आपल्याला रडू येत नाही, राग येतो, असे त्याचे म्हणणे. त्याची आई पुढच्या आसनावर बसली होती. ती मागे वळून त्याच्याकडे पाहून हसली. तिला इतक्या मोकळेपणी हसताना आम्ही पुष्कळ दिवसांनी पाहिले.

काठावरून निघण्यापूर्वी वहिनींनी शनीस तेल वाहिले आणि दत्तापुढे नारळ ठेवला. आम्ही दोघे घाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. एक गोष्ट येथे सांगून ठेवतो, कारण पुण्यामुंबईच्या वाचकांस तिचे नवल वाटेल. एवढा विजय होऊनही हा मुलूख पुढे निजामाकडेच राहिला, आणि या काठावरची त्याची सत्ता सुटली ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी. गावातील त्या वृद्ध गृहस्थांस पेशव्यांच्या लढाईविषयी फारसे सांगता आले नाही. पण रझाकारांच्या दिवसांत गावची माणसे रातोरात नदीपलीकडे कशी गेली, हे त्यांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेले जसेच्या तसे सांगितले. त्यात एका आजोबांनी नातवास पाठीवर बांधून पुरात उडी घेतल्याची हकीकत होती. नातू जगला. त्याचे पुढचे वंशज याच गावात आहेत, असे सांगून त्यांनी एका घराकडे बोट दाखविले. घरासमोर बैलगाडी सोडलेली होती आणि ओट्यावर दोन मुले गोट्या खेळत होती.

ज्यांस तेथे जावयाचे असेल त्यांनी गेवराईस मुक्काम करणे सोयीचे. पावसाळ्यात जायकवाडीचे दरवाजे उघडले आहेत की नाहीत याची चौकशी आधी करावी. उघडले असल्यास काठावर जाऊ नये. उन्हाळ्यात पाणी नसते आणि ऊन सोसवत नाही. कार्तिक-मार्गशीर्ष उत्तम.

परतीच्या वाटेवर नगर ओलांडता ओलांडता दिवस मावळला. थेऊर वाकडी वाट करून गाठता येण्याजोगे होते, म्हणून सकाळी तेथे थांबून पुढे जावे असा आमचा बेत होता. आम्ही तसे म्हटले. पुतण्या खिडकीशी डुलक्या घेत होता, तो जागा झाला.

"थेऊर नको, काका. ते शेवटी. आधी आळेगाव पाहू."